तेत्सुओच्या डावाचे उरलेले हप्ते

७ जानेवारी १९५७, सोमवार

मॅनेजरसाहेबांना नव्या वर्षाच्या सात डायऱ्या भेट आल्या. त्यांतली सगळ्यांत भिकार, कुठल्याशा रंगवाल्याची, माझ्यापुढे टाकून म्हणाले, "घ्या सयाजीराव, दिवसभर आवक-जावक लिहिताच, आता स्वतःचीही लिहा." आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसले. मी घेतली. कागद बरा आहे. शिवाय या कारखान्यात काय काय चालतं ते कुणा अक्कलवाल्याने लिहून ठेवायला हवंच, आणि तसा माणूस इथे एकच आहे.

कारखाना कसला, पिंपरीच्या माळावर उभी केलेली चेष्टा आहे. विजेच्या खांबांवर बसवतात त्या चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या आम्ही करतो. करतो म्हणजे फोडतो. भट्टीतून शंभर निघाल्या की साठ तडकलेल्या. म्हणून आता जपानहून हिराओका नावाचे भट्टीवाले साहेब आणले आहेत. कामगारांच्या जिभेवर नाव बसेना, तेव्हा ते झाले हिरासाहेब. बुटके, पंचावन्नच्या आसपासचे, कान सुपाएवढे, तोंडावर सुख नाही की दुःख नाही. त्यांचं टपाल रोज चार वाजता बंगल्यावर पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे.

आज जपानहून पहिलं जाड पाकीट आलं. पत्ता बायकी अक्षरात. साहेबांनी माझ्यासमोरच फोडलं. आत पत्र नाही, फोटो नाही. नुसती वर्तमानपत्राची कात्रणं, आणि प्रत्येकावर रेघांच्या जाळ्यात काळे-पांढरे ठिपके. विमानाची तिकिटं लावून कुणी ठिपके पाठवतं का? हात टेकले.

१२ जानेवारी, शनिवार

ठिपके म्हणजे खेळ निघाला. 'गो' म्हणतात त्याला. साहेबांनी ड्रॉइंग ऑफिसकडून एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघांचा कागद करून घेतला आणि तो जेवायच्या पाटावर डकवला. सोंगट्या नाहीत, म्हणून काळ्यांच्या जागी चिंचोके आणि पांढऱ्यांच्या जागी पावटे. चिंचवडात चिंचोक्यांना काय तोटा! आणि हा पोक्त माणूस कात्रणात बघून एकटाच एकेक दाणा रेघांच्या चौकांवर ठेवत बसतो.

"यात राजा कुठला?" मी विचारलं. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं आहे, पण त्यांचं माझ्याहून मोडकं, त्यामुळे मला जोर येतो.

"राजा नाही."

"वजीर?"

"नाही. सगळे सारखे."

"मग मात कुणाला करायची?"

"मात नाही. जमीन. ज्याची जमीन जास्त, तो जिंकला. जो वेढला गेला, तो उचलला गेला."

हात्तिच्या! देवळाच्या पारावर मी सोळा वर्षं बुद्धिबळ खेळतो, आणि त्या सोळा वर्षांत चिंचवड गावात मला हरवणारा पैदा झालेला नाही. राजाशिवाय कसली लढाई आणि प्यादेमातीशिवाय कसली जीत!

घरी येऊन सांगितलं. तानाबाई, म्हणजे माझं कुटुंब, महाळुंग्याच्या शेतकऱ्याची लेक. भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजी बांध घालायचा ख्येळ हाय म्हना की." झालं, हिला समजलं!

२३ जानेवारी, बुधवार

सगळी कात्रणं एकाच पोराच्या डावांची आहेत. वय वीस. नाव तेत्सुओ. नाव आहे की शिंक? नऊ वर्षांचा असताना त्याला एका गुरूच्या घरी नेऊन ठेवला, तिथे झाडलोट करत तो हा खेळ शिकला, आणि आता म्हणे हाच त्याचा धंदा. धंदा! वीस वर्षांचा दांडगा मुलगा ठिपके ठेवून पोट भरतो आणि वर्तमानपत्रं ते छापतात. एक डाव एका दिवशीही छापत नाहीत. रोज दहा-पंधरा चाली, असा दहा-बारा दिवस हप्त्याहप्त्याने. बाकी बातम्या नसाव्यात त्या देशात.

साहेबांनी कागदावर काढून दाखवलं. यंदा पाच फेऱ्या. एकदा हरला की बाद. पाचही जिंकला तर देशातल्या मोठ्या सोळा खेळाडूंत त्याची जागा. आणि नाही जिंकला तर खेळ कायमचा सोडून घरच्या भट्टीवर कामाला यायचं, असं त्याच्या बापाने बजावलं आहे.

"बाप शहाणा दिसतो," मी म्हणालो.

साहेबांनी पाटावरचा एक चिंचोका बोटाने सरळ केला. "कोण जाणे," म्हणाले.

त्याच्याही घरी भट्टीच. जपानात घरोघरी भट्ट्या असाव्यात.

९ फेब्रुवारी, शनिवार

पहिली फेरी पोराने जिंकली. कशी जिंकली ते मी पाहिलं, आणि मला तर शरम वाटली. समोरचा कोपऱ्यात घुसला की हा सरळ कोपरा देऊन टाकतो आणि भलतीकडेच जाऊन एक चिंचोका ठेवतो. तीस चालींनंतर तो चिंचोका कामाला येतो म्हणे. याला आम्ही पळपुटेपणा म्हणतो. मर्दाने समोरासमोर भिडावं.

हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी निमूट पावट्यांची वाटी आपल्याकडे ओढली आणि चिंचोके माझ्याकडे सरकवले. वर मला नऊ चिंचोके आधीच मांडू दिले. मी भिडलो. पाऊण तासात त्यांनी माझे सत्तावीस चिंचोके उचलले. पण तेवढ्यात पाच वाजले, म्हणून मी उठलो. डाव अर्धाच झाला होता. हरलो असं कुणी म्हणू शकणार नाही.

२ मार्च, शनिवार

गेटवरचा टाइमकीपर रंगराव आज जेवणाच्या सुट्टीत दोन डाव हरला. बुद्धिबळ. बिचारा माझ्याशी रोज हरतो. मी जिंकलो की त्याला चहा पाजतो, तो माझा शिरस्ताच आहे. मन मोठं लागतं.

चहा पिता पिता म्हणाला, "सयाजीराव, तुमच्यासारख्यानं पुण्याला जाऊन खेळायचं सोडून हितं माळावर काय करायलाय राव?"

मी सांगितलं, पुण्याला आता खेळाडू उरलेत कुठे! एकदाच गेलो होतो, एकेचाळीस साली, शेवटच्या फेरीपर्यंत. समोर रविवार पेठेतला बाळाजी नावाचा शिंपी. डाव रंगात आला असताना माझ्या धोतराचा सोगा पटाच्या कडेत अडकला आणि मी पाणी प्यायला उठलो तसा सगळा पट उलटला. पंच म्हणाले, आता डाव पुन्हा मांडता येणार नाही. बाळाजी खाली वाकून सोंगट्या वेचायला लागला. नशीब! पण डाव संपलाच नाही, तेव्हा हरण्याचा प्रश्न येत नाही. रंगराव म्हणाला, "तर वो, तर वो." आणि दुसरा कप मागितला.

४ एप्रिल, गुरुवार

नव्या पैशांनी जीव नकोसा केला आहे. आठ वर्षं खडकीला आणि चार इथे टपालात काढली, पण जुनी तिकिटं, नवी तिकिटं हा घोळ कधी पाहिला नव्हता.

या गोंधळात दुसऱ्या फेरीचं पाकीट आलं. पोरगा जिंकला. एका कात्रणावर त्याचा फोटो होता. काटकुळा, चष्मेवाला, आणि कान थेट सुपाएवढे. जपानी लोकांचे कान असेच असावेत. साहेबांनी तो फोटो कात्रणातून वेगळा कापला आणि भट्टीच्या तपमानाच्या वहीत ठेवला. तिथे का, ते त्यांनाच ठाऊक. शिस्तीचे म्हणून यांचा एवढा बोलबाला, आणि खेळाची कात्रणं कामाच्या वहीत!

तानाबाईला गंमत म्हणून सांगितलं, तर ही भाकरी उलटायची विसरली. "अवो, बाप हाय त्यो त्येचा."

"कोण?"

"तुमचा सायेब. कान ऱ्हाऊ द्या, पर कात्रनं धाडती ती बाई कोन? आईच असंल. बाप लिवत न्हाई, ल्योक लिवत न्हाई, मधी ती आपली धाडतीया."

बायकांना उंबऱ्याबाहेरच्या प्रत्येक गोष्टीत नातं दिसतं. मी म्हटलं, "बाप असता तर सांगितलं नसतं?" ती म्हणाली, "कंच्या तोंडानं सांगंल? पोराला अट घालून बसलाय न्हवं?" मी जेवायला बसलो. भाकरी करपली होती.

१५ जून, शनिवार

पांढऱ्यांच्या फौजेला किडा लागला. पावट्यांतून पाखरं उडाली, साहेबांच्या बंगल्यावर भुसा झाला. मी पोटभर हसलो. साहेबांनी दुसऱ्या दिवशी भट्टीत चिनी मातीच्या बटणांएवढ्या दोनशे टिकल्या भाजून काढल्या. एकही तडकली नाही. मोठ्या वाट्याही आताशा शंभरात वीसच तडकतात, असं भट्टीवाले सांगतात. असेल. थंडीचे दिवस गेले, म्हणून असेल.

तापाच्या साथीने टपाल रखडलं होतं. तिसऱ्या फेरीची कात्रणं तीन खेपांत आली, आणि मधला हप्ता सगळ्यांत शेवटी. त्या आठ दिवसांत पोराचे उजवीकडचे अकरा चिंचोके जगणार की मरणार ते कळायला मार्ग नव्हता. मी दोनदा कासारवाडी स्टेशनावर जाऊन टपालाची पिशवी आली का ते विचारून आलो. कामच होतं तिकडे. अकरा चिंचोके मेले, पण त्यांच्या बदल्यात पोराने मधला सगळा माळ धरला आणि डाव जिंकला. नशीबवान आहे. अकराच्या अकरा घालवून जिंकायला मलाही आवडलं असतं.

३० जून, रविवार

घरच्या पाटावरही रेघा मारून घेतल्या आहेत. साहेबांची चूक कुठे होते ते शांतपणे बघायला बरं पडतं. समोर कुणी हवं, म्हणून तानाबाईला बसवलं. दोन वाक्यांत नियम सांगितले. ती म्हणाली, "कळलं. वस्तीला दोन दारं असली की ती मरत न्हाई. येकच असलं तर मानूस दार आडवून बसतो." दोन दारं! माझ्याकडून चार महिने साहेब हेच वदवून घेत होते, ते हिला भाकरीचं पीठ हाताला असताना सुचलं म्हणजे गोष्ट किती सोपी असेल बघा.

डाव ऐन रंगात होता, पण भूक लागली म्हणून उठलो.

"तुमी लई येळा उठता," ती म्हणाली. भांडी घासताना म्हणाली, त्यामुळे उत्तर द्यायची गरज वाटली नाही.

१९ जुलै, शुक्रवार

रंगरावाने आज हद्द केली. चहा पिता पिता म्हणतो, "ते तुमचं जपानी खुळ संपलं का न्हाई? त्या पोराला म्हनावं, बापाच्या भट्टीवर जा, चार वाट्या भाज."

मी एरवी हेच म्हणतो. पण याने म्हणावं? ज्याला उंट तिरका जातो हे सोळा वेळा सांगावं लागतं, त्याने? डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "रंगराव, तो पोरगा पाचही फेऱ्या जिंकणार. नाही जिंकला तर ही मिशी उतरवीन."

गेटवर वीस माणसं होती. त्यांनी टाळ्या पिटल्या. मूर्खांना टाळ्या पिटायला काय लागतं!

२४ ऑगस्ट, शनिवार

चौथी फेरी जिंकला! अर्ध्या दाण्याच्या फरकाने! (पांढरा मागून खेळतो म्हणून त्याला साडेचार दाणे वर देतात, त्यातला हा अर्धा.) शेवटच्या हप्त्यावर मी बंगल्याच्या पायरीवर बसून मोजलं, साहेबांनी आत मोजलं, आणि दोघांचा आकडा एक आला. मी गेटवर जाऊन रंगरावाला एवढंच म्हणालो, "चार." त्याने माझ्या मिशीकडे बघून "अजून एक" असं बोट दाखवलं. असल्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.

साहेबांना विचारलं, पाचवी फेरी कधी. म्हणाले, सप्टेंबरच्या शेवटी, समोरचा खेळाडू चाळिशीचा, एके काळी त्या सोळांतला. मी म्हटलं, "पोरगा खाईल त्याला." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले, आणि आतापर्यंत मला कधी न दिलेली गोष्ट दिली, ती म्हणजे बसायला खुर्ची.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पाचव्या फेरीचं पाकीट आलं. नऊ कात्रणं. काळे पोराकडे.

साहेबांनी घाई केली नाही. एकेक चिंचोका, एकेक टिकली. सातव्या हप्त्यापर्यंत मला पोरगाच वर वाटत होता. डाव्या बाजूला त्याचा मळा तयार होता. आठव्या हप्त्यात पांढऱ्याने त्या मळ्याच्या बांधावर एक टिकली ठेवली. साहेबांचा हात थांबला. नवव्या हप्त्यात पंधरा चाली. एकशे बत्तिसावी चाल पांढऱ्याची, आणि पुढे कागदच नाही.

साहेबांनी दोन चिंचोके घेतले, पाटाच्या कोपऱ्यात ठेवले, हात मांडीवर टेकले आणि पाटापुढे मान लववली.

"हे काय?"

"संपला. तो म्हणाला, हरलो."

"कसा संपला? अर्धा पाट रिकामा आहे! त्याचा एवढा मळा आहे! कुणी मात दिली?"

"कुणी नाही. त्याला दिसलं. पांढऱ्याने ती टिकली ठेवली तेव्हा दिसलं. मला दिसायला एक तास लागला." मग म्हणाले, "सुंदर हरला."

मी आयुष्यात ऐकलेलं हे सगळ्यांत बिनडोक वाक्य. आमच्यात राजाला हलायला एक घर उरलं असेल तोवर माणूस खेळतो. पट समोर असताना "हरलो" कोण म्हणतं? म्हणजे डाव पुढे आहे. वर्तमानपत्र हप्त्याहप्त्याने छापतं, टपाल रखडतं, जूनमध्ये मधला हप्ता मागून आला होता, हे मी स्वतः पाहिलं आहे. उरलेले हप्ते वाटेत आहेत. साहेबांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी दाणेही उचलले नाहीत.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

रंगराव वस्तरा आणायला निघाला होता. त्याला सांगितलं, डाव अजून चालू आहे, हप्ते यायचेत. मिशी कुठे पळून जात नाही.

आज अकरा वाजता हिरासाहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. हातात एक लिफाफा. साहेबांची जावक मीच नोंदवतो, आणि आजवर एकूण एक पत्र त्यांच्या जपानच्या कंपनीला गेलेलं आहे. याच्यावरचा पत्ता निराळा. मी विचारलं, कुणाला? "तेत्सुओला," म्हणाले.

हरलेल्याला कुणी पत्र लिहितं का? लिहायचंच होतं तर जिंकत होता तेव्हा चार पत्रं लिहायची.

"किती दिवस लागतील?"

"सात-आठ."

दारापर्यंत गेले आणि परत आले. "किती दिवस लागतील?"

कान एवढे मोठे, पण उपयोग शून्य.

तानाबाईला सांगितलं तेव्हा तिने पदराला हात पुसले. "त्यात काय लिवलं असंल वो? 'भट्टीवर ये' आसं, का 'ख्येळ बाबा' आसं?" मी म्हटलं, मी लोकांची पत्रं वाचत नाही. "वाचायला कशाला पायजे," ती म्हणाली. "बोलवायचंच आसतं तर लिवायची गरज न्हवती. अट ठरलीच हुती की." मग जेवताना तिने मला दोनदा मीठ वाढलं. हिचं काय नातं लागतं त्या पोराशी, कळत नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

हप्ते आले नाहीत. दिवाळीचं टपाल तुंबलं आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

आले नाहीत. रंगराव रोज सकाळी गेटवर माझ्या ओठांकडे बघून हजेरी लावतो. चार दिवस मी त्याला चहा पाजलेला नाही, तर पठ्ठ्याने आज मला बुद्धिबळात बावीस चालींत मात दिली. उंट, घोडा, सगळं व्यवस्थित चालवून. मला जरा गरगरत होतं. तेव्हापासून एक विचार डोक्यात आहे, पण तो मी लिहिणार नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाकीट आलं. पण पत्ता बायकी अक्षरात नाही. उभं, घाईचं, टोकदार अक्षर. मी बंगल्यावर जवळजवळ पळतच गेलो. म्हटलं, साहेब, उरलेले हप्ते.

आत एकच कात्रण होतं आणि एक कागद. साहेबांनी कागद आधी वाचला. उभ्याने वाचला, मग बसून वाचला. मग कात्रण माझ्यापुढे धरलं. त्यावर आठच ठिपके होते.

"हा कुठला हप्ता?"

"नवा. पुढच्या वर्षाची पहिली फेरी. तो खेळतो आहे."

"पण बापाची अट?"

"बापाने," साहेब म्हणाले, "उचलली." आणि त्यांच्या त्या कोऱ्या तोंडाचं एकदम काहीतरी झालं. डोळ्यांत भट्टीची राख गेली असणार, कारण दोन्ही हातांनी बराच वेळ पुसत होते. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं, माळ होता.

येताना हिशेब लागला. नवा डाव छापला म्हणजे जुना संपला. उरलेले हप्ते नव्हतेच.

१० नोव्हेंबर, रविवार

तरीही मी मानलं नाही. हे इथे लिहून ठेवतो. पोराने घाई केली, एवढा मळा हातात असताना उठला, हे मला सिद्ध करायचं होतं. नऊ कात्रणांतला डाव मी घरच्या पाटावर शेवटच्या चालीपर्यंत मांडला. एकशे बत्तीस चाली, मला पाठ आहेत. चिंचोके मी घेतले, टिकल्या तानाबाईला दिल्या. साहेबांनी तिच्यासाठी शंभर टिकल्या कागदात बांधून मागेच दिल्या होत्या, का ते मी विचारलं नव्हतं. म्हटलं, "चल, पुढे खेळ. बघतो कसा हरतो ते."

दुपार होती. तिने भाजी निवडत निवडतच एकेक टिकली ठेवली. दहा चाली झाल्या, मळ्याला एक दार उरलं. वीस झाल्या, तेही गेलं. मी भिडलो, तिने बाजूला होऊन मला पुढे येऊ दिलं. पस्तिसाव्या चालीला मला दिसलं. जे त्या पोराला एका टिकलीत दिसलं, साहेबांना एका तासात, ते मला पस्तीस चालींनंतर, माझ्याच बायकोसमोर.

मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं. उठायला मी उजवा हात पाटाच्या कडेवर टेकला.

आणि पाहिलं, तर तानाबाईने भाजी खाली ठेवली होती आणि समोरची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. माझ्याकडे बघतही नव्हती. पाटाकडेच बघत होती. चोवीस वर्षांच्या संसारात त्या एकेचाळीस सालच्या डावाबद्दल तिने मला एक शब्द विचारलेला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, हिला काय कळतंय!

मी पुन्हा बसलो. मग दोन चिंचोके घेऊन कोपऱ्यात ठेवले, हात मांडीवर टेकले आणि मान खाली घातली.

"हरलो," मी म्हणालो. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

तिने कड सोडली. बोटांवर पाटाचे वळ उठले होते. "बरं झालं," ती म्हणाली. "उठा आता, भाजीला तेल आना."

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मिशी उतरवली. न्हाव्याने दोनदा विचारलं, घरी कुणी गेलं का. गेटवर रंगरावाने बघितलं आणि हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही त्याला. म्हणाला, "सयाजीराव, ऱ्हाऊ द्यायची हुती राव. चेष्टा हुती." मी म्हटलं, "रंगराव, तू माझ्याशी किती वर्षं मुद्दाम हरतोस?" तो बुटांकडे बघायला लागला. मी त्याला चहा पाजला. न जिंकता.

मग चिंचवडच्या पोस्टात जाऊन स्वतःसाठी एक कार्ड घेतलं. बारा वर्षं दुसऱ्यांची पत्रं रवाना केली, स्वतःचं पहिल्यांदाच. रविवार पेठेतल्या त्या शिंप्याच्या दुकानाचा पत्ता मला सोळा वर्षं पाठ होता, विसरता येत नव्हता म्हणून. चालत असेल दुकान, तर पोचेल. लिहिलं ते असं:

'बाळाजीराव यांस नमस्कार. एकेचाळीस सालच्या शेवटच्या फेरीत माझं धोतर अडकलं नव्हतं. पुढच्या तीन चालींत मला मात होती, ती मला दिसली, म्हणून पट मी उलटवला. डाव तुमचा होता. चांगला खेळला होतात. आपला, सयाजी, चिंचवड.'

कार्ड पेटीत टाकलं आणि पोस्टमास्तरांना विचारलं, पुण्याला पोचायला किती दिवस लागतात. ते म्हणाले, "उद्या मिळेल."

दारापर्यंत गेलो आणि परत येऊन पुन्हा विचारलं.